मॉडेल रेल्वेचे सांधे : अल्पप्रचलित प्रमाणांतील उपलब्धता व खर्च

गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी म्हणजे सांधा. छंदवर्तुळात त्याला पॉइंट किंवा टर्नआउटही म्हणतात. एचओ (१:८७) आणि एन (१:१६०) या प्रमाणांत तो अनेक कंपन्यांकडून, हव्या त्या कोनात तयार मिळतो. एस (१:६४), टीटी (१:१२०) किंवा नॅरोगेजच्या उपप्रकारांत मात्र लेआउटचा आराखडा बहुधा इथेच अडतो. इंजिने मोजकी लागतात, डबे किटमधून घरी जुळवता येतात. पण छोट्याशा यार्डालाही सहा-आठ सांधे हवेत, आणि प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमका हवा.

महागाईचे मूळ साच्यात आहे. प्लॅस्टिकचे स्लीपर ओतण्यासाठी धातूचा साचा घडवावा लागतो आणि त्याचा खर्च दहा हजार नग विकले तरी तेवढाच, पाचशे विकले तरी तेवढाच. शिवाय डावा आणि उजवा सांधा वेगळा. क्रॉसिंगचा, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचा, कोन क्रमांकाने सांगतात: ६ क्रमांकाच्या सांध्यात रूळ सहा एकक पुढे जाताना एक एकक फाकतात. ४, ६ आणि ८ हे तीन क्रमांक द्यायचे म्हटले तरी सहा वेगळे नग होतात. त्यात वायच्या आकाराचे, वक्र आणि डबल स्लिप (एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांवरून कुठूनही कुठेही जाऊ देणारा सांधा) आले की यादी लांबतच जाते. त्यामुळे छोट्या बाजारपेठेतला उत्पादक एखाद-दुसऱ्या क्रमांकावर थांबतो आणि ग्राहकाला आपले यार्ड त्या क्रमांकाभोवती बसवावे लागते.

दुर्मीळता ठरते ती मुळात प्रमाणावर नव्हे, गेजवर. दोन रुळांमधले अंतर दुसऱ्या एखाद्या लोकप्रिय प्रमाणाशी जुळले, तर सांधे उसने घेता येतात. ओ प्रमाणातली (१:४८) अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे ऑन३०, एचओच्याच १६.५ मिमी रुळांवर चालते. बाकमन या कंपनीने १९९८ मध्ये या प्रकारात गाड्या आणल्यावर तो झपाट्याने पसरला, त्यात या उसनवारीचा वाटा मोठा. मीटरगेजचा एचओएम टीटीच्या १२ मिमी रुळांवर भागवतो, तर एनमधली तीन फुटी नॅरोगेज झेड या एनहूनही छोट्या प्रमाणाच्या ६.५ मिमीवर. उसन्या सांध्याचे स्लीपर मात्र मूळ प्रमाणाचेच असतात. मोठ्या प्रमाणाच्या गाडीखाली ते बारीक आणि दाट दिसतात. खडी वरपर्यंत भरून हा दोष बराच झाकता येतो, पण जवळून घेतलेल्या छायाचित्रात तो लपत नाही.

ज्या गेजला असा शेजारी नाही, त्याची खरी पंचाईत. एचओमधल्या तीन फुटी नॅरोगेजला १०.५ मिमी लागतात, एसमधल्या तीन फुटी गेजला सुमारे १४.३ मिमी. ४ मिमी प्रमाणात (खऱ्या एका फुटाला ४ मिमी) आयर्लंडची ५ फूट ३ इंची रेल्वे अचूक करायची तर २१ मिमी. अशा ठिकाणी पुरवठा एक-दोन उत्पादकांवर टांगलेला असतो. जपानच्या शिनोहारा या रूळ-उत्पादकाचे काम २०१० च्या दशकाच्या अखेरीस थांबले, तेव्हा १०.५ मिमी गेजच्या तयार सांध्यांचा एक जुना स्रोत आटला. उलट उदाहरण टीटीचे. पूर्व जर्मनीत रुजलेल्या या प्रमाणाचा पाया पुढे टिलिग या जर्मन कंपनीने सांभाळला. २०२२ मध्ये पेको आणि हॉर्नबी या ब्रिटिश कंपन्यांनी १:१२० मध्ये पाऊल टाकले आणि ब्रिटनमध्येही या मापाचे सांधे नेहमीचा माल झाले.

गेज जुळले म्हणजे सांधा चालेलच असे नाही. एस प्रमाणात गिल्बर्ट कंपनीच्या अमेरिकन फ्लायर या खेळण्यातल्या गाड्यांनी १९४६ पासून खोल कडांची, रुंद चाके रूढ केली. प्रमाणशुद्ध चाके बारीक असतात; खेळण्याच्या सांध्यात चाकाची कड जाण्यासाठी ठेवलेल्या रुंद खाचेत ती क्रॉसिंगपाशी खाली धसतात, आणि खोल कडांची चाके बारीक सांध्यात आपटत जातात. आधीच लहान असलेली बाजारपेठ अशी पुन्हा दुभंगते. म्हणून जुना माल घेताना एनएमआरए या अमेरिकी छंदसंघटनेच्या किंवा युरोपात मोरोप या महासंघाच्या मानकांप्रमाणे खाच आणि चाकांमधले अंतर तपासणे आवश्यक ठरते. स्वस्तात मिळालेल्या जुन्या सांध्यावर गाडी दर फेरीला घसरत असेल, तर तो स्वस्त कसला?

उरतो तो हातबांधणीचा मार्ग, आणि तो वाटतो तितका बिकट नाही. रूळ प्रमाणानुसार नव्हे, उंचीच्या कोडनुसार विकले जातात: कोड ७० म्हणजे ०.०७० इंच, सुमारे १.८ मिमी. हाच रूळ अनेक प्रमाणांत चालतो, त्यामुळे कच्चा माल दुर्मीळ नसतो. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्लीपर म्हणून वापरतात, क्रॉसिंगचे टोक कानशीने घासून घेतात आणि रूळ डाखाने जोडतात. दोन रुळांमध्ये शॉर्ट होऊ नये म्हणून तांब्यात चिरा पाडाव्या लागतात. टेम्पलॉटसारख्या संगणक प्रणालीतून कोणत्याही गेजचा आणि कोनाचा आराखडा पूर्ण आकारात छापता येतो. कॅनडाच्या फास्ट ट्रॅक्स कंपनीचे धातूचे जिग (रूळ नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे) अचूकता सोपी करतात, पण प्रत्येक गेज-क्रमांकाला वेगळा जिग लागतो आणि एका तयार सांध्यापेक्षा तो बराच महाग असतो. एकाच मापाचे पुष्कळ सांधे करायचे असतील तरच तो परवडतो. दोन-तीन सांध्यांसाठी छापील कागद आणि गेज तपासणीची पट्टी पुरते. कारागिराकडून बांधून घेतल्यास पैसे मुख्यतः त्याच्या तासांचे जातात, सामानाचे नव्हे.

सांधा फिरवणाऱ्या मोटरचा खर्च गेजवर फारसा अवलंबून नसतो. सर्वो किंवा संथगती मोटर एचओमध्ये चालते तशीच एसमध्येही. बदलते ते मोटरपासून सांध्यापर्यंत जाणाऱ्या तारेच्या हालचालीचे अंतर. बांधलेल्या सांध्याचे क्रॉसिंग धातूचे असल्याने त्याची विद्युत दिशा मात्र सांध्याबरोबर बदलावी लागते, आणि त्यासाठीचा स्विच मोटरमध्येच असलेला बरा.