नाव नोंदवलं म्हणून भत्ता मिळत नाही

'महास्वयंवर नाव टाका, दरमहा 5,000 बेरोजगार भत्ता सुरू', असा मेसेज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादा कारखाना बंद पडला की हमखास फिरतो. महास्वयं या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी नोकरी शोधण्यासाठी आहे, पैशांसाठी नाही. फॉर्म भरून देतो म्हणत कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पैसे मिळू शकतात ते ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून. म्हणजे पगारातून 0.75 टक्के ईएसआय कापला जात होता त्यांनाच. दहापेक्षा कमी कामगारांच्या यंत्रमाग कारखान्यात ती कपात सहसा नसतेच, आणि सोलापुरात घोडं तिथंच अडतं.

नोकरी जाण्याआधी सलग 2 वर्षं विमा हवा. एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च असे सहा-सहा महिन्यांचे वर्गणीचे कालावधी धरतात. लगतच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते, आणि त्याआधीच्या तीनपैकी एकीत तेवढीच. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना, निवृत्तांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांना लाभ नाही.

रक्कम दिवसाच्या सरासरी कमाईच्या निम्मी, आयुष्यात एकूण 90 दिवसच. चार सहामाहींची कमाई भागिले 730, ही दिवसाची सरासरी कमाई. पगार महिना 12,000 असेल तर एकूण सुमारे 17,750 रुपये. मध्ये खाडे असले की आकडा घसरतो.

नोकरी जाऊन 30 दिवस झाले की ईएसआयसीच्या पोर्टलवर अर्ज करा. आधार आणि पासबुक जोडा. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, ती आधी बघून घ्या. कारखाना बदलताना नवा विमा क्रमांक काढला असेल तर जुनी वर्षं दिसत नाहीत. दोन्ही क्रमांक शाखा कार्यालयात आधी जोडून घ्या.