झडप नसलेलं शेवाळ

बाल्कनीत ऑर्किड लावणाऱ्यांना स्फॅग्नम शेवाळ ओळखीचं आहे. पिशवीतून निघतं तेव्हा कोरडं, पांढुरकं, कापसाइतकं हलकं. पाण्यात टाकलं की फुगतं आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतं. कॅनडा, फिनलंड, सायबेरियातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली बऱ्याच अंशी याच कुळातल्या शेवाळाच्या थरांवर थर साचून तयार झाल्या आहेत. त्यांतलं पाणी हवेत किती उडून जातं, याचा हिशेब मात्र फार उशिरा लागला.

१९४८ साली इंग्लंडमध्ये पेनमन या शास्त्रज्ञांनी ऊन, वारा, तापमान आणि हवेतला दमटपणा यांवरून बाष्पीभवन काढण्याचं सूत्र मांडलं. १९६५ मध्ये माँटीथ यांनी त्यात पानांवरच्या रंध्रांचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांचा अडसर धरला. पिकांचं काम भागलं. पण स्फॅग्नमला मुळं नाहीत आणि पाणी रोखणारी रंध्रंही नाहीत. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं खालचं पाणी त्याच्या पानाफांद्यांच्या फटींतून वर येतं. पाण्याची पातळी फार खाली गेली की ही वात तुटते. शेंडे वाळून पांढरे पडतात आणि बाष्पीभवन मंदावतं.

मोजायचं कसं, हाही पेच होताच. शेवाळासकट पीटचा तुकडा कापून टाकीत ठेवायचा आणि वजनातली घट नोंदवायची, ही जुनी रीत. पण टाकीतली पाण्याची पातळी बाहेरच्यासारखी राखणं जिकिरीचं. खरी सोय झाली ती दलदलीत उभारलेल्या मनोऱ्यांमुळे. त्यांवरची उपकरणं हवेचे भोवरे आणि त्यांतली वाफ सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. ओटावाजवळच्या मेर ब्ल्यू दलदलीत अशा नोंदी १९९८ पासून आहेत.

ठिकठिकाणच्या अशा नोंदी एकत्र आल्या आणि २०२० मध्ये मॅन्युएल हेल्बिग व सहकाऱ्यांनी उत्तरेकडच्या दलदली आणि जंगलं अशा ९५ ठिकाणांची तुलना छापली. हवा फार कोरडी झाली की जंगलातली झाडं रंध्रं मिटून घेतात, दलदल मात्र पाणी सोडतच राहते. अशा वेळी तिचं बाष्पपर्णोत्सर्जन (जमिनीतून आणि वनस्पतींतून हवेत जाणारं एकूण पाणी) जंगलापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत जास्त भरतं. माझ्या मते हा आकडा वातीच्या गोष्टीसोबतच वाचायला हवा, कारण वात तुटली तर हिशेब बदलतो.

अमेरिकेत मिनेसोटातल्या मार्सेल प्रायोगिक वनात २०१५ पासून दलदलीचे तुकडे आसपासच्यापेक्षा ९ अंश सेल्सियसपर्यंत जास्त तापवून पाहिले गेले. तिथे उष्णता वाढवली तसं शेवाळ घटत गेलं आणि झुडपं माजली. झुडपांना रंध्रं असतात.