उंबराचं फूल पाहायचंय? कच्चं उंबर कापा

गेल्या आठवड्यात एकच फोटो मला तीन नातेवाइकांनी पाठवला. हिरव्या फांदीवर ओंजळभर पांढरंशुभ्र फूल आणि खाली मजकूर : 'उंबराचं फूल. मध्यरात्री उमलतं, दिसेल त्याचं भाग्य उजळतं. दहा जणांना पाठवा.' बरेच दिवस न भेटलेल्याला आपण 'उंबराचं फूल झालास की रे!' म्हणतो, त्यामुळे असा फोटो आला की मन लगेच विश्वास ठेवायला तयार होतं. पण ते फूल उंबराचं असूच शकत नाही.

उंबराला फुलं येतात आणि ती उघड्यावर कधीच येत नाहीत. बोराएवढं कच्चं हिरवं उंबर घ्या, ब्लेडने उभं कापा. बोटांना पांढरा चीक चिकटेल, तो पुसा आणि भिंगातून बघा. आतली पोकळी चहूबाजूंनी बारीक, फिकट तंतूंनी गच्च भरलेली दिसेल. तो प्रत्येक तंतू म्हणजे एक फूल. एका उंबरात अशी फुलं हजारांच्या घरात असतात. सूर्यफुलाची तबकडी कडेने वर उचलून पिशवीसारखी मिटवावी, तशी ही रचना. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर तोंड मिटलेली फुलांची पिशवी आहे. तिच्या टोकाला खवल्यांनी बंद केलेलं एक बारीक भोक असतं.

आता परागकण आत जाणार कसे? वाऱ्याला वाट नाही, मधमाशीला वाट नाही. हे काम करतात केंबरं. 'उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची' असं जुनी माणसं म्हणत, म्हणजे हा कीटक मराठीला नावानिशी ठाऊक होता. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम दोन मिलिमीटरचा हा जीव. आपल्याकडच्या उंबरातल्या परागवाहक केंबराचं शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स.

मादी वासावरून नेमकं फुलायला आलेलं उंबर शोधते आणि खवल्यांच्या फटीतून डोकं घालून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आता ती परत जाणार नसते. तिच्या छातीवर दोन खिसे असतात आणि त्यांत जन्मझाडावरून आणलेले परागकण. पुढच्या पायांनी ते काढून ती कुक्षींवर, म्हणजे फुलांच्या पराग झेलणाऱ्या टोकांवर ठेवते. मग अंडी घालण्याची नळी एकेका फुलाच्या कुक्षिवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीतून खाली सारते आणि ज्याचं पुढे बी होतं त्या बीजांडात अंडं घालते. एक अंडं म्हणजे झाडाचं एक बी गेलं.

इथेच मला या विषयाने पुरतं धरून ठेवलं आहे. मादीने सगळ्याच बीजांडांत अंडी घातली तर झाडाला बी उरणार नाही, आणि झाड संपलं की केंबरंही संपली. मग ती थांबते कशी? उंबरातली मादीफुलं एकसारखी नसतात. काहींचा कुक्षिवृंत आखूड, पण फूल देठावर उचललेलं, म्हणून बीजांड पोकळीच्या जवळ. काहींचा कुक्षिवृंत लांब आणि बीजांड थेट भिंतीला टेकलेलं. कुक्षी मात्र सगळ्यांच्या एकाच पातळीत. पूर्वी सोपं उत्तर दिलं जायचं : नळी लांब कुक्षिवृंतात पुरत नाही, म्हणून तिथे बी धरतं. पुढे वडाउंबराच्या गोतातल्या अनेक जातींमध्ये मोजमापं झाली तेव्हा दिसलं की बऱ्याच लांब फुलांनाही नळी पुरते. तरी मादी पोकळीकडची बीजांडं पसंत करते. त्याचं एक कारण भिंतीबाहेर आहे. उंबरावर परजीवी केंबरंही येतात. ती आत शिरत नाहीत, केसासारखी लांब नळी बाहेरून भिंतीत खुपसतात. भिंतीलगतची पिल्लं त्यांच्या तावडीत सापडतात, आतली वाचतात. म्हणजे शत्रूच्या भीतीने मादी आत सरकते आणि भिंतीलगत झाडाचं बी सुटतं. कुणी समजूतदारपणा दाखवत नाही, करार करत नाही. नैसर्गिक निवडीतून तोल साधला जातो.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. अंडं घातलेल्या फुलांच्या फुगून गाठी होतात; त्या गाठींत अजून बंद असलेल्या माद्यांशी ते मीलन करतात, भिंत कुरतडून वाट पाडतात आणि मरतात. तोवर पुंफुलं, म्हणजे परागकण देणारी नरफुलं, पिकलेली असतात. माद्या खिसे भरून निघतात. हाती वेळ एकदोन दिवसांचा, आणि एका झाडावरची उंबरं बहुधा एकाच वयाची असल्याने दुसरं झाड गाठायलाच हवं. नामिबियात उंबराच्या एका आफ्रिकी भावंडावर अभ्यास झाला, तेव्हा अशी केंबरं वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत परागकण नेतात असं आढळलं.

ही भागीदारी सुमारे साडेसात कोटी वर्षांची मानली जाते. जगात या गोताच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेकींची केंबरं वेगळी, अपवाद धरूनही. जोडी तुटली की काय होतं ते कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांनी अनुभवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी तुर्कस्तानातून स्मिर्ना अंजिराची झाडं नेली. झाडं वाढली, फळं मात्र कच्चीच गळायची. १८९९ मध्ये अंजिराचं केंबरं तिथे रुजवलं, तेव्हा फळ हाती आलं. आपल्या पुरंदरच्या अंजिराला परागीभवन लागत नाही, त्यामुळे आत केंबरं मरतात म्हणून 'अंजीर मांसाहारी आहे' असं सांगणारा मेसेज त्याच्याबाबत गैरलागू. पिकल्या उंबरात मात्र मेलेली केंबरं असतातच. जैन श्रावकांनी वर्ज्य मानलेल्या पाच उदुंबर फळांमागे हेच बारीक निरीक्षण आहे.

आणखी एक नेहमीचा प्रश्न : औदुंबर आणि उंबर एकच का? हो, एकच झाड. मग पुस्तकांत कुठे फायकस रेसिमोसा, कुठे फायकस ग्लोमेराटा का? पहिलं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं, दुसरं नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने. वनस्पतींच्या नामकरणात १७५३ पासून पुढचं जे आधीचं वैध नाव, ते चालतं. म्हणून रेसिमोसा बरोबर, पण औषधांच्या बाटल्यांवर ग्लोमेराटा अजून टिकून आहे. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांची पानं एकमेकांशी जुळत नाहीत, तरी लिनियसने ती सगळी फायकस या एकाच प्रजातीत घातली, कारण मिटलेली फुलांची पिशवी सगळ्यांची सारखी.

कोरिया-चीनमध्येही अधूनमधून 'उदुंबर फूल उमललं' अशी बातमी येते. तारेसारख्या देठांवरचे पांढरे ठिपके. ती जाळीपंखी कीटकाची अंडी असतात.

पुढच्या वेळी उंबराखालून जाल तेव्हा खोडावरचं एक हिरवं उंबर तोडा आणि टोकाचं भोक भिंगातून बघा. नशीब चांगलं असेल तर खवल्यांत अडकलेले पारदर्शक पंख दिसतील, आत गेलेल्या मादीचे.