प्रस्तरभंग किती दुबळे? एका वादाची पार्श्वभूमी

भूकंपामुळे जमीन फाटते की जमिनीतील खडक तुटून सरकल्यामुळे भूकंप होतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुटलेला नव्हता. जपानमध्ये १८९१ च्या भूकंपात मिदोरी येथे जमिनीला सुमारे ६ मीटर उंचीची पायरी पडली, तेव्हा दुसरे मत बळावले. कॅलिफोर्नियात १९०६ मध्ये सॅन अँड्रियास प्रस्तरभंग (खडक तुटून ज्या भेगेवर सरकतो, ती भेग) सरकला आणि त्यावरून जाणारी कुंपणे व रस्ते काही मीटर बाजूला गेले. आधीच्या दशकांतील भूमापन नव्या मोजणीशी ताडून पाहता, भंगापासून दूरचे बिंदूही हलल्याचे दिसले. त्यावरून १९१० मध्ये असा सिद्धांत मांडला गेला की, खडक वर्षानुवर्षे वाकत राहतो आणि भंगावरील घर्षण अपुरे पडताच उसळून मोकळा होतो.

हे घर्षण नेमके किती, यावर मात्र आजही एकमत नाही. १९७८ पर्यंतच्या प्रयोगांतून बहुतेक खडकांचा घर्षणगुणांक (सरकण्याला होणारा विरोध आणि दाब यांचे गुणोत्तर) ०.६ ते ०.८५ असा निघाला. ठळक अपवाद चिकणमातीच्या खनिजांचा. एवढ्या घर्षणावर सरकणारा भंग तापायला हवा. प्रत्यक्षात १९६९ पासूनच्या मोजमापांत सॅन अँड्रियासलगत तशी जादा उष्णता आढळली नाही आणि १९८७ मध्ये तेथील दाबाची दिशा भंगाशी जवळजवळ काटकोनात, म्हणजे त्याला सरकवणारा जोर कमीच, असल्याचे दाखवले गेले. भंग दुबळा आहे, म्हणजे त्यावरील घर्षणच कमी आहे, असे एका गटाने म्हटले. भूजल उष्णता वाहून नेत असावे, असे दुसऱ्याने. पुढे याच भंगावर, कॅलिफोर्नियातील पार्कफील्डजवळ २००४ ते २००७ दरम्यान खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे २.७ किलोमीटर खोलीवरून वर आणलेल्या भंगातील नमुन्यांत मऊ, मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती मिळाली आणि त्यांचा घर्षणगुणांक ०.२ च्या आसपास भरला.

यामुळे वाद मिटला, असे अनेकदा लिहिले जाते. ते घाईचे आहे, कारण तेथे भंग मोठ्या धक्क्याविना संथपणे सरकत असतो, तर १९०६ मध्ये तुटलेला भाग एरवी घट्ट अडकलेला असतो.

जपानच्या २०११ च्या महाभूकंपानंतर समुद्रतळाखालच्या भंगात २०१२ मध्ये तापमापक उतरवले गेले. जादा तापमान जेमतेम ०.३ अंश सेल्सिअस भरले. म्हणजे वेगाने सरकताना घर्षण ०.१ च्या आसपासच होते. सरकण्याआधी भंग किती बळकट होता, हे या तापमानावरून ठरत नाही.