मिरचीची फुलगळ

मिरचीच्या झाडावरच्या कळ्या, उमललेली फुले आणि नुकतीच धरलेली बारीक मिरची देठासकट गळून पडते, तिला फुलगळ म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी ‘फुलं गळाय लागल्यात’ म्हणतो, नाहीतर ‘सेटिंग होईना’, म्हणजे फळ धरेना, म्हणतो. दुसरा शब्दप्रयोग जास्त नेमका आहे. झाडाखाली पडलेले फूल हे नुसते लक्षण असते. फळ धरण्याच्या कामात कुठे तरी खोडा पडला, हे खरे दुखणे. हा खोडा कधी पडला ते ओळखता आले तर फुलगळ बरीचशी रोखता येते. ते न पाहता औषधाची बाटली आणली तर बहुधा पैसेही जातात आणि फुलेही.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी 16 व्या शतकात ती भारतात आणली. कोल्हापूरच्या स्वयंपाकात ती अशी मुरली, की कांदा-लसूण घालून कांडलेल्या लाल तिखटालाच इथे नुसते ‘चटणी’ म्हणतात. वर्षाची चटणी मार्च ते मे या दिवसांत करून ठेवतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी, असा घरोघरचा हिशोब असतो. संकेश्वरीचे नाव बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरवरून पडले असले तरी गडहिंग्लज भागाची ती घरचीच मिरची आहे. हिरव्या मिरचीचे फड जिल्ह्याच्या पूर्व भागात ठिबकवर आणि मल्चिंग पेपरवर, म्हणजे माती झाकणाऱ्या प्लास्टिकवर, दिसतात. ढोबळी मिरची याच जातीची. पण उष्णतेपुढे ती तिखट मिरचीपेक्षा लवकर हार मानते आणि तिची फुलगळही जास्त होते.

फूल का सुटते : निरोगी झाडावरचे फूल मोडून पडत नाही, झाडच ते सोडून देते. देठाच्या बुडाशी, फांदीच्या जोडावर, पेशींचा एक पातळ थर असतो. परागीभवन होऊन बी धरू लागले की फुलातून ऑक्सिन हे संप्रेरक देठाकडे उतरत राहते, आणि ते उतरते आहे तोवर हा थर घट्ट राहतो. ऑक्सिन आटले, एथिलीन वाढले, की थरातल्या पेशी एकमेकींना सोडतात. सकाळी झाडाशी बसून पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. पाकळ्या अजून पांढऱ्याशुभ्र असतात, पण देठ फांदीकडच्या टोकाला पिवळा पडलेला असतो. बोट लागले की फूल हातात येते आणि फांदीवर राहिलेली खूण सुरीने कापल्यासारखी साफ दिसते. अळीने कुरतडलेल्या किंवा वाऱ्याने ओरबाडलेल्या फुलाची खूण फाटकी असते. एवढे एक निरीक्षण केले तरी निम्मे निदान होते.

सगळीच फुलगळ रोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. झाडावर मिरच्या लटकलेल्या असताना नव्या फुलांना अन्न कमी पडते आणि झाड त्यांतली बरीच सोडून देते. तोडा वेळेवर झाला की ओझे हलके होते व पुढचा बहर धरतो. लाल मिरचीसाठी फळे झाडावरच पिकू द्यावी लागतात. अशा वेळी वरच्या फांद्यांवरची फुले गळाली तर घाबरण्याचे कारण नाही.

उष्णता : फुलगळीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त चुकीचे समजले जाणारे कारण हेच. मिरचीला दिवसा 20 ते 30 अंश सेल्सिअस आणि रात्री 16 ते 21 अंश मानवतात. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर टिकले, किंवा रात्र 24 अंशांखाली उतरेनाशी झाली, की परागकण निकामी होऊ लागतात. बाहेरून फूल धडधाकट दिसते, पण आत परागनलिका वाढत नाही, किंजपुटात, म्हणजे ज्याची पुढे मिरची होते त्या भागात, बी धरत नाही, ऑक्सिन उतरत नाही, आणि देठाचा थर सुटतो. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपार 36 ते 38 अंशांपर्यंत तापते. मात्र शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्याने रात्री पुष्कळदा निवतात, आणि मिरचीला जीवदान मिळते ते याच रात्रींमुळे. थंडीत उलटे होते. डिसेंबर-जानेवारीत रात्र 15 अंशांखाली गेली की परागकण नीट तयार होत नाहीत. फूल गळते, नाहीतर बुटकी, वाकडी, बिनबियांची मिरची धरते.

परागकण ज्या काळात घडतात तो काळ उष्णतेला सर्वांत हळवा, आणि तो येतो फूल उमलण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. त्या वेळी कळी जेमतेम मोहरीएवढी असते, कुणाचे तिच्याकडे लक्षही नसते. म्हणून आज पडलेल्या फुलांचे कारण आजच्या उन्हात शोधू नये. पंधरवड्यामागची हवा आठवावी. उन्हाची लाट ओसरली, वळीव पडला, आभाळ निवले, तरी आठ-दहा दिवस फुले पडतच राहतात. त्या दिवसांत शेतकरी हवालदिल होऊन एकामागून एक फवारे मारतो. पुढे फुले टिकू लागतात ती हवा बदलल्यामुळे, आणि श्रेय मिळते शेवटच्या बाटलीला. पुढच्या वर्षी तीच बाटली शेजाऱ्याला सुचवली जाते.

उष्णतेवरचा खरा उपाय लागणीच्या तारखेत आहे. उन्हाळी मिरचीचे तरू (रोपे) डिसेंबरच्या सुरुवातीला टाकून जानेवारीच्या मध्यावर लागण केली, तर साधारण 40 ते 45 दिवसांत, म्हणजे मार्चच्या आरंभी, फुले येतात आणि पहिला बहर कडक उन्हाच्या आत धरतो. फेब्रुवारी संपता संपता लावलेल्या मिरचीची पहिली फुले थेट एप्रिलच्या तोंडी सापडतात. फडाच्या कडेने मक्याच्या दोन ओळी आधीच पेरल्या तर गरम वारा अडतो. शेडनेट परवडत असेल तर तेही उपयोगी पडते, पण फार दाट घेऊ नये. प्रकाश कमी पडला तरी मिरची फुले सोडते.

पाणी, युरिया आणि उसाची सवय : कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा हात उसावर बसलेला आहे. ऊस भरपूर पाणी पितो, युरिया टाकला की काळाशार होतो, आणि त्या रंगावर मालक खूश असतो. तोच हात मिरचीवर फिरला की घात होतो. नत्र जास्त झालेली मिरची उंच, गर्द आणि देखणी दिसते. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघतो. पण झाडाची सगळी ताकद पाल्यात जाते. फुले उशिरा येतात, आलेली टिकत नाहीत, आणि कोवळ्या लुसलुशीत शेंड्यावर रस शोषणाऱ्या किडी धाव घेतात. बागायती मिरचीला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद व 50 किलो पालाश देण्याची शिफारस आहे. यातले निम्मे नत्र लागणीच्या वेळी आणि उरलेले महिनाभराने द्यायचे असते. फुले दिसू लागल्यावर रंग उजळावा म्हणून टाकलेला युरिया हे फुलगळीला दिलेले आमंत्रणच होय.

पाण्याचेही तसेच. मिरचीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली जमीन, लागते. तिची मुळे फार खोल जात नाहीत, त्यामुळे ताण लवकर बसतो आणि साचलेल्या पाण्यात ती लवकर गुदमरतात. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. त्यामुळे पुष्कळदा असे होते, की आठ-दहा दिवस रान भेगाळते आणि वीज आली की सरी तुडुंब भरून पाणी दिले जाते. फुलावर आलेल्या मिरचीला हा झटका सोसत नाही, चार-पाच दिवसांत सरीत फुलांचा सडा पडतो. उन्हाळ्यात पाणी थोडे, वेळच्या वेळी आणि सायंकाळनंतर दिलेले चांगले. रात्री जमीन निवते आणि मुळांना उसंत मिळते. उसाचे पाचट जाळून टाकण्याऐवजी मिरचीच्या सरीत चार बोटे जाडीचा थर अंथरला तर ओल टिकते आणि माती तापत नाही. कोल्हापुरात पाचटाइतके स्वस्त आच्छादन दुसरे नाही, आणि इतके वाया जाणारेही नाही. मल्चिंग पेपर वापरायचा असेल तर चंदेरी बाजू वर ठेवावी. तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने फुलकिडेही बिचकतात.

पावसाळी गळ : पावसाच्या बाबतीत या जिल्ह्याची दोन टोके आहेत. पश्चिमेच्या गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेच्या शिरोळात 500 मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेकडे जुलैच्या झडीत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, परागकण भिजून चिकटतात, मधमाश्या बाहेर पडत नाहीत. शिवाय कुज येते. शेंडे आणि फुले ओलसर, काळपट होऊन लोंबतात, आणि सकाळी भिंगातून पाहिले तर त्यांवर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके असलेली बुरशी उभी दिसते. अशी फुले वेचून रानाबाहेर टाकावीत. उंच गादीवाफे, मोठे अंतर आणि निचऱ्याची चर यांपुढे बुरशीनाशकाचे काम दुय्यम आहे. पूर्वेकडे पाऊस कमी असला तरी पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या की नदीकाठची काळी राने पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 च्या पुरांत ते घडले. अशा रानात खरिपाची मिरची न लावलेली बरी.

फुलकिडे : पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली, त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, की फुलगळीचा संशय आधी फुलकिड्यांवर घ्यावा. कोळी या अगदी बारीक किडीमुळे पाने खालच्या बाजूला वळतात, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. फुलकिडे पाहण्याची रीत सोपी. सकाळी उमललेले फूल पांढऱ्या कागदावर तीन-चारदा झटकावे. काडीच्या बारीक तुकड्यांसारखे दिसणारे जीव सरपटू लागले तर निदान झाले. 2021 च्या सुमारास आंध्र-तेलंगणात मिरचीचे फड उद्ध्वस्त करणारा काळा फुलकिडा तर फुलातच मुक्काम करतो. पराग आणि कोवळे भाग खरवडतो, आणि फुले गळून पडतात. निळे चिकट सापळे, कडेचा मका आणि निंबोळी अर्क यांनी सुरुवात करावी. रासायनिक औषध मारावेच लागले तर ते सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते हे खरे, पण वारा आणि मधमाशी ते हलवून जातात म्हणून पराग किंजल्कावर नीट पडतो. सकाळी नऊ वाजता विषारी फवारा मारणारा माणूस हे फुकटचे मजूर मारतो.

‘सेटिंगचे औषध’ : या नावाने विकले जाणारे औषध पुष्कळदा एनएए, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन असते. देठाकडे उतरणारे संप्रेरक कमी पडले की ते बाहेरून पुरवायचे, ही त्यामागची कल्पना आणि ती शास्त्रशुद्ध आहे. प्रमाण मात्र फार थोडे, 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग. 4.5 टक्के तीव्रतेच्या औषधाचे हे प्रमाण साडेचार लिटर पाण्यात 1 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 3 ते साडेतीन मिली होते. टोपणाने अंदाजे ओतून चालत नाही. मात्रा वाढली की पाने वळतात आणि हेच औषध फुले पाडते. परागकण मेलेले असतील तर एनएएने फूल टिकले तरी आत बी नसते, आणि बिनबियांची मिरची वजनाला भरत नाही. हिरव्या मिरचीत हे खपून जाते, चटणीच्या मिरचीत नाही. बोरॉन कमी असलेल्या जमिनीत त्याचा हलका फवारा परागनलिकेला मदत करतो, पण माती परीक्षणाशिवाय तो पुन्हा पुन्हा देऊ नये. कमी आणि जास्त यांतले अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडे आहे. फुले टिकावीत म्हणून काही जण ताक-हिंगाचे पाणी फवारतात, पण त्याने उष्णतेची फुलगळ थांबत नाही.

कुंडीतली मिरची : शहरातल्या गच्चीवर प्रश्न रात्रीचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, काळ्या पिशवीतली माती तर हाताला चटका देते. रानात 22 अंशांची असलेली रात्र कुंडीच्या बुडाशी त्याहून बरीच गरम असते. एप्रिलपासून कुंड्या भिंतीच्या पूर्वेच्या बाजूला हलवाव्यात, म्हणजे दुपारी सावली मिळते. खाली विटा किंवा लाकडी फळी ठेवावी, मातीवर पाचट किंवा वाळला पाला पसरावा. बंदिस्त गॅलरीत वारा आणि मधमाशी दोन्ही पोचत नाहीत. तिथे सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान फुलाच्या मागून फांदीला टिचकी द्यावी. जांभळट परागकोश त्या वेळी उकलू लागलेले असतात, आणि टिचकीसरशी फिकट भुकटी पाकळीवर सांडलेली दिसते. सांडली तर परागकण निदान तयार झालेत एवढे कळते.

मे महिन्यात फुले झडून बोडकी दिसणारी मिरची उपटून टाकण्याची घाई पुष्कळ जण करतात. मुळे आणि पाने निरोगी असतील तर राहिलेली पिकली मिरची तोडून, वाळल्या फांद्या छाटून, शेणखताची मूठ देऊन झाड राखावे. वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन रात्री गार झाल्या, की त्या गारव्यात घडलेल्या कळ्या दोन ते तीन आठवड्यांनी उमलतात आणि धरतात.