ताकिस : स्वतःचंच शिल्प उचलून नेणारा शिल्पकार

चुंबकांचा शिल्पकार अशी ताकिसची ओळख करून दिली जाते, आणि त्यात चूक काही नाही. पण १९६९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जे घडलं, ते बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात लांब पल्ल्याची गोष्ट माझ्या मते तीच. त्यामुळे इथे बाकीचं थोडक्यात आणि ते प्रकरण जरा ऐसपैस.

पूर्ण नाव पानायोतिस वासिलाकिस. जन्म १९२५चा, अथेन्सचा. ऐन तारुण्य जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात आणि त्यापाठोपाठच्या यादवीत गेलं, डाव्या चळवळीपायी तुरुंगही पाहिला. कलाशाळेत मात्र तो कधी गेला नाही. सुरुवात मानवाकृतींपासून झाली, स्विस शिल्पकार जाकोमेत्तीच्या छायेत. त्या काळात ग्रीसमधून फ्रान्सला जाणं नवं नव्हतं. १९४५च्या डिसेंबरात ‘मातारोआ’ जहाजानं शिष्यवृत्तीवाल्या तरुणांची एक अख्खी तुकडीच तिकडे नेली होती. ताकिस गेला तो बराच मागाहून, १९५४ साली.

पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या कॅले स्टेशनावर गाडीची वाट पाहताना रुळांच्या जंजाळातले सिग्नल त्याच्या डोळ्यांत भरले. त्यातून ‘सिग्नल’ ही मालिका आली : माणसापेक्षा उंच, वाऱ्यानं डोलणाऱ्या लवचिक सळया आणि टोकाला भंगारातला एखादा सुटा भाग किंवा उघडझाप करणारा दिवा. लंडनमध्ये १९६४ ते १९६६ या काळात चाललेल्या एका प्रयोगशील दालनानं आपलं नाव याच शिल्पांवरून घेतलं होतं. १९५९पासून चुंबक आले. लोखंडी तुकडा बारीक तारेनं बांधायचा आणि चुंबकासमोर असा ताणून धरायचा की तो चिकटणारही नाही, पडणारही नाही. तो हवेत थरथरत राहतो.

त्याला निव्वळ शिल्पकार म्हणणाऱ्यांनी १९६१च्या आसपासच्या ‘चुंबकीय भिंती’ पाहाव्यात. एका रंगात रंगवलेला कॅनव्हास, त्याच्या मागे दडवलेले चुंबक आणि पुढे तरंगणारे धातूचे तुकडे. चित्र भिंतीवर टांगलेलंच राहतं, फक्त त्यातला आकार कॅनव्हास सोडून खोलीत आलेला असतो. १९६०च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या एका गॅलरीत त्यानं चुंबकांच्या जोरावर चक्क एका कवीला अधांतरी धरलं आणि कवीनं तिथूनच आपण शिल्प असल्याचं जाहीर केलं. गागारिन अवकाशात गेला तो पुढच्या एप्रिलात. पत्रकारांना हा किस्सा फार आवडतो, आणि तोच पुनःपुन्हा सांगितल्यामुळे ताकिस गमत्या ठरतो.

आता न्यूयॉर्क. यंत्रयुगाच्या अखेरीचा वेध घेणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात संग्रहालयानं ताकिसचं १९६०चं ‘टेली-शिल्प’ मांडलं होतं. एक विद्युतचुंबक आणि तारांनी टांगलेले कॉर्क व लाकडाचे दोन रंगवलेले तुकडे, एवढाच त्याचा पसारा. शिल्प संग्रहालयाच्याच मालकीचं होतं. ताकिस त्या वेळी बोस्टनजवळच्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेत निवासी कलावंत होता. आपलं आजचं काम या जुन्या, छोट्या तुकड्यावरून जोखलं जाऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. ३ जानेवारी १९६९ला दुपारी तो मित्रांसह आत गेला, स्वतःचं शिल्प जागेवरून सोडवलं आणि संग्रहालयाच्या बागेत नेऊन तिथेच ठाण मांडून बसला. बरोबर पत्रकं होती. जिवंत कलावंताचं काम त्याच्या संमतीविना मांडू नये आणि मांडण्याआधी त्याला विचारावं, ही मुख्य मागणी. काही तासांच्या वाटाघाटीनंतर संचालकांनी ते शिल्प प्रदर्शनातून काढून घ्यायचं मान्य केलं.

कायद्यानं बघितलं तर संग्रहालयाची बाजू भक्कम होती. वस्तू त्यांची, दालन त्यांचं. शिवाय यंत्र आणि कला यांचा इतिहास मांडताना १९६०चं काम निवडणं गैर कसं? कलावंताला आपली जुनी कामं नकोशी होतात म्हणून इतिहासकारानं ती झाकून ठेवायची का? हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तरी मला ताकिसची बाजू जास्त पटते. विक्री झाली की कलावंताचा कामाशी संबंध संपला, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या बाजारानं इतकं गृहीत धरलं होतं की साधं विचारणंही कुणाला गरजेचं वाटलं नाही. ताकिस ज्या फ्रान्समधून आला होता, तिथे १९५७च्या कायद्यानं कलावंताचा नैतिक हक्क, म्हणजे काम विकल्यावरही त्यावर उरणारा हक्क, मानलेला होता. मांडणीवरचा नकाराधिकार त्यातूनही मिळाला असताच असं नाही. पण बोलायला आधार तरी होता.

आठवड्याभरात बागेतली ती मूठभर माणसं वाढली आणि त्यातून कलावंतांची एक आघाडी उभी राहिली. महिनाअखेरीस संग्रहालयाच्या हाती तेरा मागण्यांची यादी पडली. प्रवेश मोफत हवा, संध्याकाळी दारं उघडी हवीत, प्रदर्शनात मांडलेल्या कामाचं भाडं कलावंताला मिळावं, कृष्णवर्णीय कलावंतांसाठी स्वतंत्र विभाग असावा. १० एप्रिलला जाहीर सुनावणी झाली. मग व्हिएतनामचं युद्ध, स्त्री कलावंतांचे प्रश्न असं सगळंच त्यात शिरलं आणि दोन-तीन वर्षांत आघाडी विस्कटली. आठवड्यातला एक मोफत दिवस १९७० साली पदरात पडला. १९७१मध्ये एक नमुना-करारनामा निघाला : फेरविक्रीतल्या नफ्याचा १५ टक्के हिस्सा कलावंताला, आणि काम कुठे मांडायचं यावर सल्ल्याचा वा नकाराचा अधिकार. सह्या करणारे खरेदीदार फारसे भेटले नाहीत. अमेरिकेनं १९९० साली दृश्यकलावंतांचे नैतिक हक्क मान्य केले, ते कामाची मोडतोड आणि नाव यांपुरतेच. मांडणीचा हक्क मालकाकडेच राहिला.

ग्रीसमधली लष्करी राजवट १९७४ साली कोसळली. त्यानंतर ताकिसचं तिकडे जाणं-येणं वाढलं, तरी पॅरिस सुटलं नाही. तिथल्या ला देफाँस भागात पाण्याच्या तलावात त्याचे ४९ सिग्नल उभे राहिले. दरम्यान अथेन्सबाहेर पार्निथा डोंगराच्या पायथ्याशी, येरोवुनोच्या टेकडीवर, त्यानं कला आणि विज्ञानाच्या संशोधनासाठी स्वतःचं केंद्र उभारलं. १९८६ला ते स्थापन झालं आणि १९९३ला लोकांसाठी खुलं झालं. कुठलं काम कुठे ठेवायचं, हे तिथे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. २०१९च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. ते सुरू असतानाच, ९ ऑगस्टला, तो गेला.