नो पोस्ट की नो डिस्प्ले? काळा पडदा एकच, बिघाड दोन

बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटमधले दिवे लागले, पण मॉनिटर काळाच. यावरचा ठरलेला सल्ला म्हणजे रॅम काढा, रबराने पुसा, परत लावा. सल्ला चुकीचा नाही, पण तो दोनपैकी एकाच बिघाडावर चालतो. दुसऱ्यात दिवसभर रॅम पुसत बसलात तरी पडदा उजळायचा नाही.

पहिल्या बिघाडात कॉम्प्युटर सुरूच झालेला नसतो. बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम, आधी प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासून घेतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात, आणि ती मध्येच अडली तर तो नो पोस्ट. दुसऱ्यात मशीन ठणठणीत असतं, आत विंडोजही उघडलेलं असतं, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नाही. हा नो डिस्प्ले. बोलताना आपण दोन्हींना सरसकट ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतो आणि मग नको ते खोलत बसतो.

पंखा फिरतोय याला फारसा अर्थ नाही. त्याला १२ व्होल्ट मिळाले की झालं, प्रोसेसर शुद्धीवर असो वा नसो. कीबोर्डचे रंगीत दिवेही तसेच, ते फक्त वीज आल्याचं सांगतात. ‘नो सिग्नल’ ही पाटी तर मॉनिटर स्वतःच्या मनाने दाखवतो, त्यात कॉम्प्युटरचा काही हात नसतो. याउलट ‘आउट ऑफ रेंज’ असं आलं तर आनंद माना: सिग्नल येतोय, फक्त रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट त्या मॉनिटरला झेपत नाही. म्हणजे पोस्ट कधीच पार पडलं आहे.

मग ओळखायचं कसं? पडद्याकडे बघू नका, कॅप्स लॉककडे बघा. वायरचा कीबोर्ड लावा, मिनिटभर थांबा आणि कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. त्याचा छोटा दिवा दर वेळी लागत-विझत असेल तर आत कोणीतरी जागं आहे. दिवा ढिम्म हलत नसेल तर संशय पोस्टवर. खात्री करायची तर पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबून सोडा. काही सेकंद घेऊन मशीन स्वतःहून बंद झालं, तर आत विंडोज चालू होतं. बीपवर मात्र फार विसंबू नका. हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो, त्यामुळे बीप न येण्यावरून काहीच कळत नाही.

नो पोस्ट ठरलं, तर मदरबोर्डच्या कडेला बारीक एलईडी आहेत का ते बघा. नव्या अनेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज उघडणं) अशी नावं लिहिलेले चार दिवे असतात. जो लागून राहिला, तिथे गाडी अडली. डीरॅमवर अडली असेल तर रबर बाहेर काढायला हरकत नाही. एकच रॅम ठेवा, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये घाला आणि क्लिप वाजेपर्यंत दाबा. नवीन जोडलेल्या मशीनमध्ये हमखास राहून जाते ती प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल. तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या आडोशाला असते आणि ती न लावताही पंखे बिनदिक्कत फिरतात. आणि डीडीआर५ रॅम असेल तर आधी धीर धरा. पहिल्यांदा सुरू करताना किंवा सीमॉस रीसेट केल्यावर (म्हणजे बायोसची सेटिंग्ज पुसल्यावर) मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. त्या वेळात घाईने बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून.

नो डिस्प्लेमध्ये बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. कॅबिनेटच्या मागे जा आणि केबल कुठे खोचली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डच्या उभ्या पट्टीवरच्या पोर्टमध्ये असेल, तर तीच खाली आडव्या पोर्टमध्ये लावा. कार्ड दिसलं की अनेक बोर्ड स्वतःचं आउटपुट बंद करतात. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये तर ग्राफिक्सच नसतं, तिथे बोर्डच्या पोर्टमधून चित्र येणं शक्यच नाही. मग मॉनिटरचा इनपुट बघा: केबल डिस्प्लेपोर्टची आणि मॉनिटर एचडीएमआयवर, हे दिसायला हास्यास्पद असलं तरी रोजचं आहे. जोडीला टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर असेल तर तोही लावून बघा. बायोसचं चित्र कधीकधी तिकडे गेलेलं असतं.

एक प्रकार मात्र चांगल्या-चांगल्यांना चकवतो. सुरुवातीचा लोगो नाही, बायोसमध्ये शिरता येत नाही, आणि थोड्या वेळाने थेट विंडोजचा डेस्कटॉप. एनव्हीडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांवर नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरसोबत हे व्हायचं. कंपनीने त्यासाठी कार्डच्या फर्मवेअरचं, म्हणजे कार्डमध्येच साठवलेल्या प्रोग्रामचं, अपडेटच काढलं. तोवर एचडीएमआयने काम भागतं. बायोसमध्ये फास्ट बूट, म्हणजे झटपट सुरू होण्याची सोय, चालू असेल तरी लोगो गायब होतो, पण तो बिघाड नव्हे.

दोन्हींची सीमा पुसट होते ती व्हीजीएच्या दिव्यापाशी. कार्डच मेलं असेल किंवा त्याची पॉवर केबल सुटली असेल, तर काही बोर्ड पोस्टच थांबवतात आणि काही तसेच पुढे जातात. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल बोर्डला लावा. चित्र आलं, तर दोष कार्डचा किंवा त्याच्या स्लॉटचा.

आणि लोगो नीट दिसून विंडोजच्या तोंडावर पडदा काळा होत असेल, तर हार्डवेअरला हात लावण्याआधी ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स वापरायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने भागलं नाही तर विंडोज उघडत असताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सलग दोन-तीनदा बंद पाडा. रिकव्हरीचा पडदा येईल. तिथून सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन ड्रायव्हर काढून टाका.